दाराखालचा उजेड

डॉक्टर सेमेरे दर गुरुवारी चार वाजता यायचे, आणि त्यांचा ओव्हरकोट खुंटीला लावताना मोलकरीण बोरी दर गुरुवारी तेच पुटपुटायची, "आले मेलेल्यांची नाडी बघणारे!"

तिचं चुकत नव्हतं. बुडापेस्ट शहराच्या बुडा भागातल्या त्या घरात आजारी असं कुणीच नव्हतं. एतेल्काबाईंचा धाकटा भाऊ आंब्रुश, ज्याची चित्रं बघायला लोक थेट व्हिएन्नाहून येत, त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. त्या चित्रांवरून डॉक्टर त्याच्या मनाचा इतिहास लिहीत होते. येत्या बुधवारी तो डॉक्टरांच्या मंडळात वाचायचा आणि मग वर्तमानपत्रात छापायचा.

एतेल्काबाईंनी तीन महिने हौसेनं आठवणी सांगितल्या होत्या. मैदानी मुलखातलं माहेर, आलुबुखार भरलेले उंडे, ईस्टरच्या सोमवारी मुलींवर अत्तर शिंपडायला येणारी मुलं. म्हातारा झाला तरी आंब्रुश दर ईस्टरला यायचा आणि पहिला थेंब बहिणीच्या डाव्या बुटावर टाकायचा. तो पाय जन्मापासून आत वळलेला. "फार लाडका होता त्याला माझा हा पाय," असं सांगून त्या हसायच्या.

त्या गुरुवारी डॉक्टरांनी कागद उलगडले. "हाताचं चुंबन घेतो, बाईसाहेब," त्यांनी नेहमीचं रिवाजी अभिवादन केलं. "आज तुम्ही नुसतं ऐकायचं."

आणि ते वाचू लागले. सतरा चित्रांत एकच खोली आहे. काळोखी. छताला काहीतरी लोंबतंय. दार बंद, दाराखाली लालसर उजेडाची फट, आणि त्या फटीत दोन सावल्या. म्हणजे दारापलीकडे कुणीतरी उभं आहे. या मुलाला चार-पाच वर्षांचा असताना अंधारात कोंडलं असलं पाहिजे. आत काहीतरी मेलेलं टांगलेलं असलं पाहिजे. आणि कोंडणारी व्यक्ती तिथेच थांबून त्याचं रडणं ऐकत होती. एवढ्या लहान मुलाच्या जगात अशी सत्ता एकीचीच असते. आईची.

एतेल्काबाईंनी हातातला कप बशीत ठेवून दिला. कोठीतली ती डुकराची मुंडी त्यांनी जन्मात कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, चर्चमध्ये पाद्र्यालाही नाही.

"आईचं नाव काढा त्यातून," त्या म्हणाल्या.

"बाईसाहेब, शास्त्राला—"

"त्या दिवशी आमच्याकडे डुक्कर कापलं होतं. आई अंगणात परातीतलं रक्त ढवळत बसली होती. हात थांबला की रक्त गोठतं, डॉक्टर. घर पेटलं असतं तरी ती उठली नसती. कोठीची कडी मी लावली. नऊ वर्षांची होते मी."

डॉक्टर मायेनं हसले. "मला अपेक्षितच होतं हे. आईला वाचवायला मुलं तिचा दोष आपल्या अंगावर घेतात. अगदी सत्तरी उलटल्यावरही. पान एकवीसवर लिहिलंय मी."

"मी आत्ता बोलले ते तुम्ही आधीच लिहून ठेवलंत?"

"मग आमच्या बाईंना विचारता कशाला?" खसखशीच्या रोलची थाळी आपटत बोरी म्हणाली. "त्यांच्या वाटचं बोलणंही तुम्हीच उरकून घ्या की!"

एतेल्काबाई उठल्या. वर्तमानपत्रात छापून येणार होतं, आणि आई तर गावच्या कबरस्तानात गप्प पडलेली. तिच्या बाजूनं बोलायला त्यांच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. त्या डॉक्टरांना बोळात घेऊन गेल्या. तिथे आंब्रुशचं शेवटचं चित्र होतं, खऱ्या दाराएवढं. मृत्युपत्रात त्यानं लिहिलं होतं, 'हे एतेल्काला. कुठे लावायचं ते तिला कळेल.' त्यांना काही कळलं नव्हतं. बोळात लावलं आणि पुढ्यात छत्र्यांचं मडकं ठेवलं, झालं.

त्यांनी मडकं बाजूला ओढलं.

चित्रातल्या दाराखालच्या फटीत दोन सावल्या होत्या. लहान, पोरीच्या बुटांएवढ्या. एक सरळ, दुसरी आत वळलेली.

एतेल्काबाईंनी भिंतीला धरून बूट काढले आणि त्या मोज्यांनिशी चित्रासमोर उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी सावल्यांकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं. मग त्यांनी गुडघ्यावर कागद धरून 'आई' या शब्दावर काट मारली.

"का केलंत?" त्यांनी हळूच विचारलं.

"सगळे त्यालाच कडेवर घ्यायचे. म्हटलं, घटकाभर नसू दे तो. आधी खूप रडला. मग गप्प झाला. मग नखानं दारावर काहीतरी काढायला लागला. मी तशीच उभी. नंतर सांगितलं, वाऱ्यानं लागलं रे दार. त्यानं मान हलवली."

"आंब्रुशना ठाऊक होतं."

"हो," त्या म्हणाल्या. प्रत्येक ईस्टरचा तो पहिला थेंब त्यांना आत्ता पायावर गार लागला.

"मग मी बहीण लिहू?"

"लिहा. पण आईचं नाव कुठे राहिलं नाही ना, ते नीट बघा."

डॉक्टर गेले. बोरी कपबशा गोळा करून आली तेव्हा एतेल्काबाई तिथेच उभ्या होत्या. त्या हातानं चित्रातलं दार चाचपत होत्या. चार वर्षं त्यांनी ते पुसलं होतं, आणि अलीकडच्या, कोठीच्या आतल्या बाजूला कडी नाही, मूठ नाही, हे आज दिसत होतं.

"अहो बाई, बूट काढून काय उभ्या राहिलात? या ना त्या बोळातून बाहेर!"

"कशी येऊ, बोरी?" एतेल्काबाई त्या आत वळलेल्या सावलीवरची नजर न काढता म्हणाल्या. "दारापलीकडची ती पोर अजून हलली नाही."