टाकीच्या झाकणाचं भोक

कुसुंब्याच्या पुढे मोटार तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा धनसिंगने मला शिवी हासडली. मी ती गिळली; गिळण्याची मला सवय आहे. पण इंजिनाने माझी अशी फजिती करावी, हे मात्र झोंबलं.

मोटार धुळ्याच्या तोतारामआबांची, मी तिचा ड्रायव्हर. मागे पडदे सोडून आबांची लेक यशोदा बसली होती. तिचा थोरला दीर धनसिंग तिला पिंपळनेरला सासरी न्यायला आला होता. सून मोटारीतूनच यावी, गावाने पाहावी, हा त्याचाच हट्ट. गेल्या दिवाळीला तिला आणायला मीच गेलो होतो. बिनखिडकीच्या कोठीतून तिला बाहेर काढलं तेव्हा तिला उजेड सोसेना. दाराला कडी बाहेरून होती. मी आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "नांदाले तर जानंच पडी."

इंजिनाचं लक्षण एकच. निघताना झकास चाले, चार-पाच मैलांवर अडखळे, ठसकत ठसकत बंद पडे. विडी ओढून होईपर्यंत थांबलं की पहिल्याच हँडलला सुरू! प्लग पुसले, कार्बोरेटर उघडून फुंकला, तारा चाचपल्या. सगळं ठाकठीक. शेवटी पेट्रोल किती उरलं ते बघावं म्हणून टाकीचं झाकण फिरवलं, तर सूंऽ करून हवा आत ओढली गेली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. झाकणाला बारीक भोक असतं. त्यातून हवा आत गेली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही आणि इंजिन उपाशी मरतं. मी भोकावरची धूळ नखाने खरवडली. खाली मेण होतं. कुंकवाखाली बायका लावतात ते, लालसर.

परवाच अंगणात यशोदाने विचारलं होतं, "जीवरामभाऊ, हाई भोक काबरं शे?" कुणीतरी विचारलं, याच आनंदात मी तिला सगळं समजावून सांगितलं होतं.

पडद्याची कड दोन बोटांनी घट्ट धरलेली दिसली. मेण काढलं तर तिला पुन्हा ती कोठी. ठेवलं आणि आबांना कळलं, तर माझं बिऱ्हाड रस्त्यावर.

"काय सापडनं रे?" धनसिंग जवळ येत म्हणाला.

मी झाकण तसंच बसवलं. "काही नही, भाऊ. इंजिनना आजार मोठा शे. पुढे गई तं वाटमाच बसी जाई. धुळाले फिरावनी पडी."

"बैलगाडी करू."

"करा. पन मोटार दखाले उभा ऱ्हायेल लोकेस्ले काय सांगशात?"

तो दातओठ खात गाडीत बसला. परतताना मोटार बंद पडत, रडतखडत आली. प्रत्येक वेळी मी उगाच बॉनेट उघडून खुडबूड केली.

फाटकात आबा उभे होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "सुधराले कितला दिन लागतीन?"

यशोदा उतरली. मेणाशिवाय लावलेलं कुंकू कपाळभर फिसकटलं होतं. आबांच्या ते ध्यानात आलं का, मला कळलं नाही.

"सामान मुंबईथीन मांगाडनं पडी, आबा. महिना लागी."

आबा धनसिंगला घेऊन आत गेले. ती पायरीशी थांबली आणि हळूच म्हणाली, "अन् मंग, जीवरामभाऊ?"

मला तिच्याकडे बघवेना. मी बॉनेट उघडलं आणि त्या धडधाकट इंजिनात डोकं खुपसलं.