पुष्पीला दिवसाढवळ्या हळद

आमच्या पुष्पीचं लगीन झालं आन् ते मी जमवलं. हे आधीच सांगून टाकते, कारन आता तिसगावात जो तो म्हनतोय, आमी पुढाकार घेतला. कुनी काय घेतला न्हाई! दारं मी ठोठावली, ह्या चांगुणानं.

पुष्पावती आन् मी, दोघी विधवा. बारा वर्सं झाली, बाजारात शेजारी बसून भाजी इकतोय. ती जागेवर नसली की तिची मेथी मी देते, मी नसले की माझी वांगी ती देती. भांडन तर रोजचंच. पर तिच्याबिगर मला भाकर गोड लागत न्हाई.

आमच्या गोन्या गोरक्षनाथ टेम्पोतून आनतो. बायको वारून त्याला आठ वर्सं झाली. ह्या बाबानं दोन वर्सं एकच केलं. पुष्पीची गोनी उतरवायची आन् इचारायचं, "च्या सांगू का?" ती "नको" म्हनायची, तरी तीन कप यायचे. तिसरा माझा, म्हंजी मी गप बसावं! शेवटी मीच म्हनलं, "अरं मर्दा, च्या पिऊन पिऊन पित्त झालं आमाला. बोल की आता!" चव्वेचाळीस वर्सांचा गडी, कानापत्तुर लाल झाला. तवा पुष्पीच म्हनली, "मला पसंत हाय."

तिचा भाऊ हनुमंत न्हाई म्हनला न्हाई. पर म्हनला, "पाटाचं लगीन हाय. हळद नको, वाजंत्री नको. पहाटं देवळात हार घाला आन् जावा." विधवेच्या दुसऱ्या लग्नाला आमच्याकडं पाट म्हनत्यात. पूर्वी तो अंधारातच लावायचे, नवरीचं तोंड कुनाला दिसू नये म्हनून. पुष्पीनं मान खाली घातली. तिला हळद पायजे हुती, मला ठावं हुतं.

माझं डोकंच फिरलं. "का रं हनुमंता, तिनं चोरी केली का? तुझा पाय मोडला तवा तीन महिने तिनंच तुझं केलं. तवा तिचं तोंड बरं बघवलं तुला!"

तो वरमला, पर हटला न्हाई. "हळद लावायला पाच सवाशिनी लागत्यात. पाटाला कोन येनार? तू पाच आन, मांडव मी घालतो."

चार दिवस वनवन फिरले. कुनी म्हनलं, सासूला इचारते. कुनाच्या नेमकं त्याच दिवशी अंगात कसकस येनार हुती. एकीनं तर मला बघून दार लावलं. तिला मी दारातूनच चांगलं सुनावलं. मग बनुबाईकडं गेले. सत्तरीची म्हातारी, मालक धडधाकट, तिचा शबूद आळीत कुनी मोडत न्हाई. ती म्हनली, "अगं, मला कुनी बोलावलंच न्हाई, न्हाईतर कवाच आले असते." ती निघाली म्हनल्यावर बाकीच्या चौघी चपला शोधायला लागल्या.

हनुमंतानं शबूद पाळला. सकाळी अकराला, लख्ख उन्हात हलगी वाजाय लागली. पुष्पी चौरंगावर बसली. मी मांडवाच्या कडंला, पान्याच्या टाकीपाशी जाऊन हुबी ऱ्हायले. विधवा बाई हळदीला हात लावत न्हाई. कुनी सांगितलं न्हाई मला, माझे पायच तिकडं गेले.

बनुबाईनं वाटीत बोट बुडवलं, तशी पुष्पीनं तोंड मागं घेतलं. "थांबा. चांगुणा लावंल आधी."

हलगी थांबली. मी म्हनलं, "येडी झालीस का? मी कशी लावू? अपशकून हुईल."

"तुझ्या हातानं अपशकून हुयाचा असंल तर मला लगीनच नको," पुष्पी म्हनली आन् चौरंगावरनं उठली. तिकडं गोरक्षनाथ जन्मात पैल्यांदा मोठ्यानं बोलला, "बराबर हाय तिचं!"

मला रडू आवरंना. बनुबाईनं वाटी माझ्या हातात कोंबली. "लाव बाई, उशीर नको करू." मी लावली. निम्मी तिच्या लुगड्यावरच सांडली. तिनं आपल्या गालावरची बोटावर घेतली आन् माझ्या दोन्ही गालांना फासली, सगळ्या गावादेखत.

दुसऱ्या दिवशी बाजारात मी तोंड न धुता तशीच बसले. एक गिऱ्हाईक हसून म्हनलं, "चांगुणाबाई, तुमचं बी लगीन झालं का काय?"

मी म्हनलं, "न्हाई. माझ्या मैतरनीचं झालं."