पिवळ्या बांबूवरचा आळ

मी पिवळा बांबू बोलतोय, पिंपरीच्या एका कारखान्याच्या वसाहतीतून, अगदी टोकाच्या क्वार्टरच्या कुंपणातून. कुणी जवळ आलं की मी आधी त्याच्या हाताकडे बघतो. हातात काही नाही ना, याची खात्री झाली की मगच चेहऱ्याकडे. हा स्वभाव माझा जन्माचा नाही. माणसांनी लावलेला आहे.

पुण्याच्या एका रोपवाटिकेत आम्ही तिघं शेजारी होतो. एक साधा हिरवा, एक काळा आणि मी, पिवळाधमक, अंगावर उभ्या हिरव्या रेघा. ज्योतीराम फिटर आणि त्याची बायको शालनबाई नव्या घरासाठी झाड शोधत आले होते. घरं सगळी करडी, दारात नुसता मुरूम. शालनबाईंना दारात रंग हवा होता.

"हिरवाच घेऊ," ज्योतीराम म्हणाला.

"हिरवा बघायला चिपळूण काय वाईट होतं?"

"मग काळा?"

"जळल्यासारखा दिसतो तो."

त्या माझ्यापाशी आल्या. माझ्या रेघा त्यांना फारच सरळ वाटल्या. पदराचं टोक ओलं करून त्यांनी माझं कांड घासलं, नखानं खरवडलं. "बाई, रंग दिलेला नाही, असाच आहे तो," माळी हसून म्हणाला. तरी त्यांनी पदर उलटून बघितलाच. मग मला घेतलं.

गोजाबाई जवळच्या मळ्यातून दूध घालायला यायची. तिच्या घरची बरीच जमीन कारखान्यात गेली होती. वसाहतीतल्या माणसांकडे ती शेतात घुसलेल्या ढोरांकडे बघावं तशी बघायची. मला पाहून ती थबकली.

"ह्यो कळक असा का वं? आजारी हाय जणू."

"त्याचा रंगच तसा आहे."

"आमी घराम्होरं कळक लावत न्हाई, बाई. त्यो कशाला लागतो, ठावं हाय न्हवं?"

 संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर शालनबाई उगीचच माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

मी मात्र वाढलो. पावसाळे गेले, बेट भरलं. ऊन कलतं झालं की माझी कांडी अशी काही उजळायची, की कामावरून सुटलेले लोक सायकल थांबवून बघायचे. शालनबाई ओल्या फडक्यानं माझी धूळ पुसायच्या. त्या दिवसांत मला वाटलं, आता यांचा विश्वास बसला.

मग तो उन्हाळा आला. वसाहतीच्या या टोकाला नळ अजून यायचा होता. सगळे ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी भरत, आणि विहीर तळाला गेली होती. वैशाखात ज्योतीरामनं अंथरूण धरलं. आधी जेवण नकोसं झालं, मग ताप, मग डोळे पिवळे. शालनबाईंनी दारातल्या उजेडात त्याची पापणी ओढून बघितली. तिथूनच त्यांची नजर माझ्याकडे वळली. मी समजायचं ते समजलो.

"म्या तवाच सांगितलं व्हतं," गोजाबाई म्हणाली. "दारात पिवळं आणलंस, धनी पिवळा झाला."

"आणि तुमच्या दुधाचं काय?" शालनबाई ताडकन म्हणाल्या. "त्यात कुठलं पाणी घालता, कोण बघायला येतं?"

"माझ्या दुधावर आळ घेती व्हय?" गोजाबाईनं मापातलं दूध परत किटलीत ओतलं आणि चालती झाली. दुसऱ्या दिवसापासून ती फिरकली नाही.

शालनबाईंनी शेजारच्या यशवंतरावांकडून कोयता आणला. त्या मूळच्या कोकणातल्या, हाताला सवय होती. पण त्या दिवशी एक घाव दुसऱ्यावर बसत नव्हता. आतून ज्योतीराम क्षीण आवाजात म्हणाला, "अगं, काय करतेस?"

"तुम्ही पडून राहा."

त्यांनी सगळं बेट तोडलं. मला ओरडता येत नाही. कांडं फुटताना होतो तेवढाच कडकडाट झाला. माझा ढीग कुंपणाला लावून त्या आत गेल्या आणि पुन्हा त्याची पापणी ओढून बघितली. डोळे पिवळेच होते.

दवाखान्यात नेलं तेव्हा तिथे रांग लागलेली. अर्धी वसाहत पिवळी पडली होती. डॉक्टर म्हणाले, "विहिरीचं पाणी आहे हे. उकळल्याशिवाय थेंबभर पिऊ नका." शालनबाई परतल्या आणि माझ्या ढिगाशेजारी बसल्या. वसाहतीत पिवळा बांबू दुसऱ्या कुणाच्या दारात नव्हता.

त्या तिथेच बसलेल्या असताना गोजाबाई आली. हातात किटली नव्हती.

"सून गेली," ती म्हणाली. "इंद्रायणी. पोटुशी व्हती. डोळं पिवळं झालं अन् बघता बघता हातची गेली."

 शालनबाईंनी विचारलं, "मावशी, पाणी कुठलं भरता?"

"त्याच हिरीचं. दुसरं हाय कुठं?" गोजाबाईनं माझ्या ढिगाकडे बघितलं. "तिरडीला दोन कळक पायजे व्हतं. मळ्यात एकबी न्हाई."

"मावशी... हे पिवळे आहेत."

"आता रंग कोन बघतंय, बाई."

शालनबाईंनी ढिगातले दोन सरळ, लांब बांबू काढले. एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला गोजाबाई, अशा दोघी मला खांद्यावर घेऊन मळ्याकडे चालत गेल्या.  बागेत शोभावं म्हणून निवडलेला मी, त्या पोरीला शेवटपर्यंत पोचवून आलो.

ज्योतीराम हळूहळू बरा झाला. माझी मुळं जमिनीत शाबूत होती. पावसात पुन्हा कोंब आले, पुन्हा तसेच पिवळे. गोजाबाई परत दूध घालते. शालनबाई अजून दुधाचा वास घेऊन बघतात, गोजाबाई अजून माझ्यापासून हातभर लांबून जाते. जुना संशय असा एका पावसात धुऊन जात नाही. माझाही गेलेला नाही.

तुम्हीही घ्या माझ्यावर संशय, मी अडवत नाही. पण आधी घरातलं पाणी चुलीवर चढवा, त्याला चांगली उकळी येऊ द्या, आणि मग या माझ्याकडे. मी कुठे पळून जाणार आहे?