नटावरचे कुंकू

"काल थांबून डाव्या चाकाच्या स्टिअरिंगचं कामही उरकलंस, बरं झालं," कॉफीचा कप पुढे करत डीटर म्हणाला. "सकाळी खूण बघितली आणि सरळ चाक चढवलं. माझी कंबर वाचली."

नागेशने कप घेतला. समोरून लाल अल्फा रोमिओ भणाणत निघून गेली. हॉकेनहाइमच्या शर्यतीच्या मैदानाचा सबंध स्टँड तिच्या आवाजाने भरून गेला होता.

"कसली खूण?"

"नटावरची. लाल."

तो नट नागेशने आवळलाच नव्हता. काल स्टिअरिंगच्या दांड्याचा नवा सांधा बसवून नट नुसता बोटांनी फिरवून ठेवला होता. सकाळी चाकांचा कोन जुळवायचा आणि मग आवळायचा, असे ठरले होते. पण सकाळी त्याला टायरच्या कामाला पिटाळले, आणि परत आला तेव्हा चाक चढलेले होते. डीटरने आवळला असेल, असे तो धरून चालला.

केसलर यांच्या गॅरेजात नियम एकच होता. नट ठरलेल्या जोराने आवळला की त्यावर लाल रंगाची रेघ ओढायची, आणि रेघ दिसली की दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. तिथले दोघे मदतनीस, डीटर आणि नागेश, हा नियम सोवळ्यासारखा पाळत. नागेश देवस्थळी पोटापाण्यासाठी डार्मश्टाटच्या एका कंपनीत ब्रेकच्या चाचण्या घेई, आणि सुट्टीच्या दिवशी केसलर यांच्याकडे फुकट राबे. "घरच्या नळाचा वॉशर बदलायला यांना मुहूर्त लागतो," असे त्याची बायको प्रभा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, आणि ते खरेच होते.

पण त्याला कारण होते. १९९३ साली तो चिंचवडहून नवानवा इथे आला. भाषा अर्धवट, मित्र कोणी नाही. त्याच वर्षी अल्फा रोमिओ ही इटालियन कंपनी आपली १५५ ही गाडी घेऊन जर्मनांच्या टूरिंग कार शर्यतींत उतरली आणि पहिल्याच वर्षी यजमानांच्या नाकावर टिच्चून किताब घेऊन गेली. परक्याच्या अंगणात असे जिंकता येते, हे बघून नागेशला कोण आनंद झाला होता! त्या पोरक्या दिवसांत त्याला तेवढेच पुरले. पुढे शर्यतींची ती मालिका बंद पडली, कंपनीने तिथला गाशा गुंडाळला. त्या काळातली एक गाडी केसलर यांनी कुठून कुठून भाग जमवून, वर्षानुवर्षे खपून उभी केली. जुन्या गाड्यांच्या शर्यतीत ती आज पहिल्यांदा धावत होती, आणि केसलर यांची मुलगी झिल्के ती चालवत होती.

"तू पाना लावून बघितलास?" नागेशने विचारले.

"रेघ असताना? वेडा आहेस का?"

डीटर हसत टायरांकडे गेला. नागेश तिथेच उभा राहिला. गाडी पुन्हा समोरून गेली. ती आता तिसरी होती, दुसऱ्याच्या अगदी शेपटाला लागलेली. केसलर कठड्यावरून अर्धे बाहेर वाकून हात उडवत होते. एवढ्या वर्षांत त्यांना असे उड्या मारताना नागेशने कधी पाहिले नव्हते. आपलाच गोंधळ होत असेल, डीटरने सवयीने आवळलाही असेल, असे काहीबाही तो स्वतःला सांगत राहिला.

मग तो प्रभाकडे गेला.

दसरा म्हणून ती आज मुद्दाम आली होती. झिल्केची चार वर्षांची मुलगी लोटे कानांवर मोठाले हेडफोन लावून तिच्या मांडीवर बसली होती आणि करंजी खात होती.

"प्रभा, काल पूजेत कुंकू कुठेकुठे लावलंस?"

काल खंडेनवमी. डीटर घरी गेल्यावर पाने, हातोड्या ताटात मांडून, उघड्या गाडीपुढे निरांजन ओवाळून दोघांनी गॅरेजात पूजा केली होती. आमचा पाद्री अग्निशमनाच्या बंबावर पवित्र पाणी शिंपडतो, तर हे का नको, असे म्हणत केसलरही हात जोडून उभे राहिले होते.

"सगळीकडे लावलं की. इंजिनाला, हातोड्यांना... का हो?"

"डाव्या चाकाच्या मागे? त्या दांड्याला?"

"हो. तुम्हीच नाही का म्हणालात, हा नवा भाग, गाडीचं वळणं सगळं याच्यावर आहे म्हणून? मग त्यालाही एक बोट ओढलं. वाऱ्याने उडू नये म्हणून खोबरेल तेलात कालवलं होतं." तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले. "अहो, काय झालं? पांढरे का पडलात?"

तो केसलर यांच्याकडे धावत सुटला.

"तिला आत बोलवा," तो केसलरना म्हणाला. "डावा स्टिअरिंगचा नट. तो सैल आहे. नुसता बोटांनी फिरवलेला."

केसलरनी त्याच्याकडे एकदाच पाहिले आणि रेडिओ तोंडाशी नेला. "झिल्के, आत ये. हळू चालव. झिल्के!"

रेडिओत नुसती खरखर. जुनी गाडी, जुन्या तारा. पलीकडे झाडांमागून तिचा चढा आवाज येत होता, आणि तिकडेच तो लांब, वेगाचा सरळ पट्टा होता, ज्याच्या शेवटी एकदम वळायचे. डीटर 'आत ये' असा फलक घेऊन कठड्यावर चढला. नागेशने डोळे मिटले. त्याला देवाचे नावही आठवेना. फक्त मागे लोटे दुसरी करंजी मागत होती, तेवढे ऐकू येत होते. एकाएकी इंजिनाचा आवाज पडला, आणि त्याने डोळे उघडले.

मग वळणावरून लाल नाक दिसले. गाडी हळूहळू, कडेकडेने येत होती. रेडिओवरचे तिला ऐकू गेले होते, तिचे उत्तर तेवढे इकडे पोचत नव्हते.

डीटरने चाक काढले. नटाला पाना लागलाच नाही, दोन बोटांनी तो निघून आला. त्याच्यावर कुंकवाची रेघ तशीच होती.

झिल्केने हेल्मेट काढले. "स्टिअरिंग जरा सैल वाटत होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, म्हातारी गाडी आहे, चालायचंच."

तिने जाऊन लोटेला उचलले.

"ही रेघ कोणी ओढली?" केसलरनी विचारले.

"मी," नागेश म्हणाला.

प्रभाला एवढे जर्मन कळत होते. ती पुढे झाली. "नाइन. इश. नाही, मी. मी लावलं."

"तिला ठाऊक नव्हतं," नागेश म्हणाला. "नट सैल होता हे मला ठाऊक होतं, आणि ती कुंकू लावत होती तेव्हा मी शेजारीच उभा होतो."

केसलर ओरडले असते तर बरे झाले असते. त्यांनी नट खिशात टाकला. "तुम्ही दोघं केव्हाही या," ते म्हणाले. "पाहुणे म्हणून. गाडीला मात्र आता हात लावू नका, हेर देवस्थळी."

इतकी वर्षे 'ए नागेश' म्हणणारा माणूस 'हेर', म्हणजे 'श्रीयुत', आणि 'तुम्ही'वर आला, तिथेच सगळे संपले.

घरी जाताना आउटोबानच्या महामार्गावर नागेश उजव्या, हळू गाड्यांच्या लेनमध्ये ट्रकांच्या मागेमागे चालवत होता.

"एक फेरी मी गप्प बसलो, प्रभा," तो म्हणाला. "कळल्यावरसुद्धा. गाडी पुढे चालली होती. वाटलं, नसेल सैल."



रस्त्याकडेचे पार्किंग आले तशी त्याने गाडी आत घेतली, खाली उतरला आणि आपल्याच गाडीच्या चाकांचे नट एकेक करून पान्याने तपासू लागला. सगळे घट्ट होते. पुढच्या पार्किंगला तो पुन्हा थांबला. सगळे घट्टच होते. त्याच्या पुढच्याला त्याने पुन्हा गाडी आत घेतली, तेव्हा मात्र प्रभाही उतरली. दसऱ्याची रेशमी साडी खोचून ती पलीकडच्या चाकापाशी उकिडवी बसली.

"या बाजूचे मी बघते," ती म्हणाली. "आवळायचं कुठल्या दिशेने, तेवढं सांगा."