कासूचा बोडका बंगला

मी बोलतोय, कासू गावच्या रस्त्यावरचा बोडका बंगला. हे नाव गावानं ठेवलं. आजूबाजूला सगळी कौलारू घरं आणि माझ्या डोक्यावर मात्र सपाट स्लॅब. डोक्यावर कौल नाही म्हणजे बोडका. गावाला कुणाचं चांगलं बघवतंय थोडंच!

साठ वर्षं होऊन गेली त्याला. मिठागराचा मालक कमळाकर मीठ विकायला मुंबईला जायचा. तिथली समुद्राकाठची नवी घरं बघून तो वेडा झाला आणि तिथलाच एक आर्किटेक्ट घेऊन आला. त्या बाबानं मला लांबट, बुटका आणि मोकळा बांधला. खाडीचा वारा आरपार जावा म्हणून पश्चिमेला सिमेंटच्या जाळीची भिंत. खाली मोझेकची लादी. आणि दारापुढे एकही खांब नसलेला, बाहेर आलेला छज्जा.

त्या छज्ज्यानं तर गावाची झोप उडवली. चंद्रावती लग्न होऊन आली तेव्हा वऱ्हाड त्याखालून आत यायला तयार होईना. "खांब नाय काय नाय, डोक्यावर पडंल," म्हणे. कमळाकरनं वर मिठाच्या गोण्या रचल्या आणि नवरीला घेऊन खाली उभा राहिला. "आता पडतोय का बघा," म्हणाला. चंद्रावतीनं एकदा वर बघितलं, पदर सावरला आणि नवऱ्याच्या आधी उंबरा ओलांडला. तेव्हाच ती मला आवडली. गोण्या खाली उतरवायचं मात्र कुणाला सुचलं नाही. पावसात त्या विरघळल्या आणि मीठ माझ्या सळयांपर्यंत मुरलं. माझा गंज तेव्हापासूनचा. लग्नातला आहेर म्हणायचा, दुसरं काय!

आर्किटेक्ट सांगून गेला होता, गच्चीवर चांदण्यात बसा. चांदण्यात बसायला इथे कुणाला सवड होती? चंद्रावतीनं गच्चीवर बोंबील आणि सुकट वाळत घातली. मग गावातल्या सगळ्याच बायका टोपल्या घेऊन यायला लागल्या. मला बोडका म्हणायच्या आणि माझ्याच डोक्यावर वाळवण पसरायच्या. माणसांची रीतच ती. तरी खोटं कशाला बोलू, ते दिवस सुखाचे होते.

कमळाकर गेला आणि घरात मुलाचं, धनेशचं राज्य आलं. त्यानं एसी बसवला आणि जाळी विटांनी बुजवून टाकली. ज्या वाऱ्यासाठी मला बांधला तो बाहेरच अडला. मग धनेशच्या डोक्यात आलं की मला पाडून चार मजली बिल्डिंग उठवावी.

चंद्रावती तेव्हा ऐंशीला टेकली होती. जेवता जेवता तिनं ताट बाजूला सारलं. "मी जित्ती हाय तवर बंगल्याला हात लावायचा नाय. मी मरंन ती हितंच."

 आईला दुखवायची धनेशची छाती नव्हती, फक्त तिच्या मरणाची वाट बघायची होती. आम्ही दोघं बरोबरच जाणार असं ठरल्यासारखं झालं. मला ते कबूल होतं.

मग मुंबईहून नम्रता आली. आर्किटेक्टचं शिकणारी पोर. मला बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. असं घर आता दुर्मीळ आहे म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं कौतुक करत होतं, मी शेफारलोच. "आजी, फोटोपुरतं जरा बाजूला होता का?" तिनं विचारलं. चंद्रावती झाडू घेऊन निमूट बाजूला झाली. मला इतकी वर्षं झाडणारी बाई फोटोत नको होती. तिथेच मला कळायला हवं होतं.

जाताना नम्रता धनेशला म्हणाली, "हा बंगला हेरिटेजमध्ये गेलाच पाहिजे. मी अर्ज करते."

"हेरिटेज लागलं तर काय व्हतं?" साडेसाती लागते का, अशा सुरात धनेशनं विचारलं.

"मग याची वीटही कुणाला हलवता येणार नाही," ती हसून म्हणाली.

तिनं मला वाचवायलाच हे सांगितलं. धनेशनं मात्र एवढंच ऐकलं की आईच्या मरणापर्यंत थांबलो तर उशीर होईल.

आठवड्याभरात तो आईला म्हणाला, "आये, बंगल्याला रंग काढतोय. वास तुला सोसायचा नाय. चार दिस ताईच्या गावाला, जित्याला जा." म्हातारी हरखली. रिक्षात बसताना बजावून गेली, "छज्जा पिवळा काढ रं. माझ्या लग्नात तसा व्हता." पिशवीत दोनच लुगडी घेतली तिनं.

आज सकाळी जेसीबी आला. माझी मागची बाजू गेली आहे, आता पुढची. तुम्हाला एखादं जुनं घर आवडलंच तर खुशाल आवडू द्या. पण मालकापुढे बोलण्याआधी आत राहणाऱ्या म्हातारीला एकदा विचारा, एवढंच माझं सांगणं.

समोरच्या घरातली पुतळी अंगणात येऊन उभी आहे. चंद्रावतीची जन्माची मैत्रीण, तिच्याशी कधी खोटं न बोललेली. तिचा मोबाईल वाजला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा ठेवलेला असतो.

"पुतळे, रंग वाळला का गो? मना हितं करमत नाय. उद्या येऊ का?"

पुतळी पदर तोंडाला लावून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नको गो येऊस. अजून ओला हाय."