आंबेनळीखालचा काळा दगड

खोटं बोलायला थोडी अक्कल लागते, आणि त्या बाबतीत इरशाद अगदीच कच्चा होता. आयुष्यात त्याने एकच मोठी थाप मारली, तीही घाईघाईत, आणि गेले दोन हिवाळे तीच थाप शोधायला तो दर रविवारी डोंगर चढत होता.

इरशादचं महाडात लाद्यांचं दुकान. त्याआधी तो ओमानात पाण्याचा टँकर चालवायचा. बाकीचे ड्रायव्हर गाडी थांबली की झोपायचे, हा मात्र काठीच्या टोकाला चुंबक बांधून वाळवंटात काळे दगड हुडकत फिरायचा. तिथल्या फिक्या, सपाट जमिनीवर आभाळातून पडलेला दगड लांबूनही डोळ्यांत भरतो. असल्या दगडांचे शौकीन जगभर असतात. त्यांच्या एका ग्रुपवर मोबाईलमधून वाचत, फोटो टाकत, चारदा शिव्या खात तो दगड पारखायला शिकला, दोन-चार अदलाबदलीही केल्या. हे दगड त्या देशाबाहेर न्यायला बंदी आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी कायमचा परतताना खजुराच्या डब्याच्या तळाशी त्याने काही घातलेच. घरी नुरजहाँ, त्याची बायको, त्यांना कोळसे म्हणायची.

किशोर सर त्याचे शाळेतले भूगोलाचे मास्तर. नकाशा गिरवून आणला म्हणून वर्गात बसलेल्या स्वतःच्या पोरीलाही शून्य देणारा माणूस. निवृत्त झाले, पत्नी गेल्या, घर रिकामं झालं. एकदा ते बाथरूमच्या लाद्या बघायला दुकानात आले आणि पावत्या उडू नयेत म्हणून ठेवलेला दगड त्यांनी सहज उचलला.

"इरशाद, हा कुठला रे?"

नेमकं तेव्हाच आखातातून सुट्टीवर आलेलं एक गिऱ्हाईक समोर बसलं होतं, तोंडाचं सैल. ओमानचं नाव काढलं तर याच्या तोंडून ते गावभर होणार. त्याच आठवड्यात तो पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, सोनबा नावाच्या शेतकऱ्याकडे लाद्या पोचवून आला होता. तेच तोंडातून बाहेर पडलं. "आंबेनळीखालचा, सर. सोनबाच्या वरकस रानात सापडला, डोंगरउतारावर."

सरांनी खिशातलं भिंग काढलं. दगडावरची जळकी काळी साल पाहिली, घासलेल्या कोपऱ्यातले लोखंडाचे चमकते कण पाहिले, आणि त्यांचा आवाज कापायला लागला. "अरे, हा अशनी आहे. आकाशातून आलेला. आपल्या मातीत." इतक्या वर्षांत त्याच्या दगडाकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. इरशादला ते इतकं गोड वाटलं की खरं उद्या सांगू म्हणून तो गप्प बसला. पण त्या 'उद्या'च्या आत सरांनी शाळेत सांगून टाकलं होतं, आणि आठवडाभरात पोरांसमोर उभं करून इरशादच्या गळ्यात हारही घातला. एकदा हार गळ्यात पडला की माणसाने काय सांगायचं?

सरांचं पुढचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. असा दगड आकाशात फुटतो, त्याचे तुकडे पडतात, तेव्हा दुसरा असणारच. झालं. भातं कापून, गवत निघून उतार मोकळे झाले की दर रविवारी इरशादच्या गाडीवरून दोघं सोनबाच्या रानात. इथला कातळ मुळातच काळा, त्यात लोखंडाचा अंश. चुंबक न्याल त्या दगडाला थोडंफार ओढ घेतंच. सर प्रत्येक दगड उचलत, भिंगातून बघत आणि हळूच खाली ठेवत. सोनबा बांधावर बसून मजा बघायचा. "सर, आमच्या रानात दगडांना तोटा नाय. हवं तेवढं न्या. तेवढीच नाचणीला जागा व्हईल."

त्यात मागच्या उन्हाळ्यात सरांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. मुलगी श्रुतिका त्यांना पुण्याला घेऊन गेली, आणि ते कसेबसे दोन महिने काढून परत आले. "सातव्या मजल्यावर आहे तिचं घर," त्यांनी चढणीवर दम खात सांगितलं. "खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. दुसरा तुकडा मिळेपर्यंत काही मी तिकडे जात नाही." इरशादने मान खाली घातली. खरं सांगितलं तर सर पुण्याला जाणार, कायमचे. न सांगितलं तर सर याच उतारावर एक दिवस छातीला हात लावून बसणार, आणि ते पाप आपल्या माथी. दोन्हीकडून तो पुरता अडकला होता.

त्या दिवशी बांधावर चहा पिताना सर इरशादच्या मोबाईलमधले ग्रुपचे फोटो बघत होते. एका ओमानच्या दगडावर त्यांचं बोट थांबलं. "याच्या पोटाखाली पांढरं पुट दिसतंय बघ. जमिनीतला चुना तो. कोरड्या मुलखातच असा दगडाला चिकटतो. आपला पाऊस राहू देईल का त्याला?" इरशादने चहा घशाखाली ढकलला. दुकानातल्या दगडाचा चुना त्याने पूर्वीच व्हिनेगरमध्ये भिजवून काढला होता, निव्वळ दगड देखणा दिसावा म्हणून.

शनिवारी श्रुतिकाचा फोन आला. "इरशाददादा, बाबा फक्त तुमचं ऐकतात. डॉक्टरांनी चढण बंद सांगितलीय. काहीतरी करा ना."

काहीतरी करायचं म्हणजे काय करायचं, ते इरशादला तिथल्या तिथे सुचलं, आणि त्याला घाईत सुचलेली ही दुसरी गोष्ट. माळ्यावर चढून त्याने खजुराच्या डब्यात हात घातला, हाताला लागला तो मोठा दगड पिशवीत टाकला आणि माप घ्यायला जातो म्हणून आंबेनळीखाली गेला. करवंदीच्या जाळीशी माती उकरून त्याने काळी बाजू वर ठेवून दगड अर्धा पुरला. सरांना दुसरा तुकडा मिळेल, त्यांचा जीव शांत होईल आणि ते सुखाने पुण्याला जातील. आपणही सुटू.

रविवारी त्याने सरांना बोलता बोलता जाळीकडे वळवलं. चुंबक खटकन बसलं. सर गुडघ्यांवर बसले, त्यांनी बोटांनी माती बाजूला केली, भिंग लावलं आणि लहान पोरासारखे हसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इरशादच्याही आलं.

"झालं ना, सर," तो म्हणाला. "आता निवांत पुण्याला जा."

सरांनी दगड मोकळा करून उलटा केला. पोटाखाली चुन्याचं पुट होतं, पांढरं, पापुद्र्यासारखं.

डब्यातून काढताना इरशादने तो उलटून पाहिलाच नव्हता. सर दगडाकडे बघत राहिले. मग त्यांनी इरशादकडे पाहिलं, बराच वेळ, आणि त्या नजरेत राग नव्हता, याचीच त्याला भीती वाटली. आता सगळं सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं.

"सर, मी तुम्हाला..."

सरांनी हात वर केला, वर्गात करायचे तसा. खालून सोनबा पाण्याचा तांब्या घेऊन वर येत होता. "गावला काय, सर?" त्याने लांबूनच विचारलं.

सरांचा अंगठा दगडाच्या पोटावर होता. ते नखाने चुना खरवडायला लागले. सावकाश, जपून, शेवटची कपची निघेपर्यंत. मग तिथे ओली माती चोळून त्यांनी पांढरी पूड पँटला पुसली. स्वतःच्या पोरीला शून्य देणारे किशोर सर ते, आणि इरशाद समोर उभा राहून बघत होता. आपल्या एका थापेने या माणसाला कुठे आणून बसवलं, हे त्याला दिसलं. जिथे तो दोन वर्षं एकटा अडकून होता, तिथे आता तेही होते.

"गावला, सोनबा," सर म्हणाले. त्यांनी तांब्या घेतला, पाणी प्यायले. "म्हणजे वरच्या अंगाला आणखी असणार. आता पुण्याला कसला जातो मी." दगड त्यांनी इरशादच्या हातात दिला. "श्रुतिकाला तूच कळव. तुझ्यावर तिचा विश्वास आहे."

ते गुडघ्यावर हात रोवून उठले आणि चढणीला लागले. इरशादने काठी उचलली आणि त्यांच्या मागोमाग निघाला.