पहिल्या फटक्यात पास

गाडी शिकवणाऱ्या माणसाला लोक मास्तर म्हणतात, तसं यांनाही म्हणत. मास्तरांच्या हाताखालून गेलेला माणूस परीक्षेत पहिल्या फटक्यात पास, अशी त्यांची ख्याती होती आणि ती पसरवण्यात मास्तरांचा स्वतःचा वाटा मोठा होता. यात जादू काही नव्हती. परीक्षा घेणारा साहेब कुठल्या वळणावर वळायला सांगतो, कुठल्या चढावर गाडी थांबवतो, हे मास्तरांना पाठ होतं. त्याच रस्त्यावर ते शिकाऊ माणसाला इतकं घोळवायचे की त्याने झोपेतही गाडी नीट लावली असती. पुढे दुसऱ्या रस्त्यावर तो काय दिवे लावतो, हा मास्तरांचा प्रश्न नव्हता.

तर अशा माणसाच्या मुलीला बघायला शिक्षण खात्यातून एक बाई यायच्या होत्या.

मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. सापडेल ते खिशात, दप्तरात, मोज्यातसुद्धा साठवून ठेवायची, म्हणून घरात तिचं नाव खारू पडलं होतं. तिला ऑटिझम आहे हे डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. वाचायला ती सगळ्या वर्गाच्या आधी शिकली. पण मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि पोरांनी एकदम खुर्च्या मागे ओढल्या की तो आवाज तिला सोसायचा नाही. ती टेबलाखाली शिरायची, कान दाबून ओरडायची, स्वतःच्या मनगटाला चावायची. एकदा तर वर्गातून निघाली ती थेट फाटकाबाहेर, रस्त्यावर. वर्गाच्या बाई जीव तोडून करायच्या, पण त्यांनी एकटीने खारूच्या मागे धावायचं की उरलेली पलटण सांभाळायची? शेवटी मुख्याध्यापकांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. खारूसाठी वर्गात वेगळा मदतनीस मंजूर झाला तर उत्तम, नाहीतर पुढच्या सत्रापासून तिला मधल्या सुट्टीआधीच घरी न्यावं लागेल. आणि मंजुरी होती त्या खात्याच्या बाईंच्या हातात.

मास्तरांनी कंबर कसली. खात्याच्या बाई काय काय विचारतात याची त्यांनी इकडून तिकडून माहिती काढली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सराव सुरू झाला. मास्तर स्वतःच बाई व्हायचे, गळ्यात बायकोची ओढणी घालून. नमस्कार म्हण. नाव सांग. पेन्सिल इकडे दे. खारूला डोळ्याला डोळा भिडवणं नकोसं व्हायचं, तर मास्तरांनी त्यावरही तोड काढली. दोन भुवयांच्या मधोमध बघायचं, समोरच्याला कळत नाही. खारूला नियम आवडायचे. तिने हाही नियम उचलला.

खारूची आई रुग्णालयात तपासणीसाठी रक्त काढायचं काम करायची. 'मला काही होत नाही' म्हणत ऐटीत बाही वर करणारे आणि सुई दिसताच पांढरे पडणारे तिने रोज पाहिले होते. उसनं अवसान तिला लांबून ओळखू यायचं. दाराशी उभं राहून तिने तो सराव बघितला आणि म्हणाली, "तुम्ही तिला पास करून नापास करणार आहात."

मास्तर उखडले. पोरगी माझी आहे, म्हणाले, चारचौघांत तिला कुणी कमी लेखलेलं मला चालणार नाही. खरं सांगायचं तर त्यांचा जीव होता खारूवर, आणि हट्टही तेवढाच होता. दोन्ही एकाच भांड्यात ढवळल्यावर वेगळं करणार कोण?

बाई आल्या. शाळेतल्या एका शांत खोलीत, दार लावून, खारूला समोर बसवून त्यांनी जे विचारलं ते सगळं खारूने धडाधड केलं. नमस्कार म्हणाली, नाव सांगितलं, पेन्सिल दिली, भुवयांच्या मधोमध बघत राहिली. दाराच्या काचेतून बघणाऱ्या मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या दिवशी गाडी शिकायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी ही गोष्ट ऐकवली, आणि एकजण ऐकता ऐकता दुभाजकावर चढला.

संध्याकाळी खारू घरी येऊन पलंगाखाली शिरली. जेवली नाही, कपडे बदलू देईना. दिवसभर दाबून धरलेलं सगळं बाहेर पडत होतं. मास्तर पलंगापाशी जमिनीवर आडवे पडून तिला हाका मारत राहिले. तिने पाठ फिरवली.

आठवड्याभराने मुख्याध्यापकांनी दोघांना बोलावून निकाल सांगितला. मुलगी उत्तम जुळवून घेते, मदतनिसाची गरज दिसत नाही. मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, तोही ओढणी घालून. घराशी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, की पुन्हा बघायला या अशी विनंती मी करते, पण या वेळी बोलायचं तुम्ही.

बाई पुन्हा आल्या. मुख्याध्यापकांच्या खोलीत मास्तर त्यांच्या समोर बसले. आयुष्यभर पास होण्याच्या युक्त्या सांगत आलेल्या माणसाला आता आपल्या लेकीला काय जमत नाही ते सांगायचं होतं.

"बाई, ती तुमच्या डोळ्यांत बघत नव्हती. भुवयांमध्ये बघत होती. ते मी शिकवलं."

"शंका आली होती मला," बाई म्हणाल्या. "पण मला दिसेल तेच लिहावं लागतं. आज मी वर्गात बसणार आहे. त्याआधी जे मला दिसलं नाही, ते सांगा."

मास्तरांनी सांगितलं. खुर्च्यांचं, मनगटाचं, फाटकाबाहेर गेल्याचं, पलंगाखालच्या त्या संध्याकाळचं. सुरुवातीला एकेक शब्द दात उपटावा तसा निघत होता. मग सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं, की एवढं सगळं अंगावर घेऊन ही पोर रोज सकाळी स्वतःहून बूट घालून दाराशी उभी राहते. तेही त्यांनी सांगितलं.

मग बाई वर्गात खारूच्या शेजारच्या छोट्या खुर्चीत जाऊन बसल्या. आईबापांनी आत यायचं नाही, असं ठरलं होतं. दोघं मुख्याध्यापकांबरोबर व्हरांड्यात खिडकीशी उभी राहिली. घंटा झाली. सगळ्या खुर्च्या एकदम करकरल्या. शिकवणीच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. मास्तरांचा उजवा पाय व्हरांड्याच्या फरशीवर तसाच दाबला गेला. गाडी काही थांबली नाही. खारू टेबलाखाली गेली.

ती ओरडत होती. दोन्ही हातांनी कान दाबले की हातातला खाऊचा डबा खाली पडायचा, डबा उचलावा तर एक कान उघडा पडायचा. मास्तर दाराकडे निघाले. बायकोने त्यांचं कोपर धरून ठेवलं, आणि तिची बोटं किती गार पडली होती ते त्यांना शर्टातूनही कळलं.

तेवढ्यात टेबलाखालून एक हात बाहेर आला. त्याने बाईंचं मनगट पकडलं, खाली ओढलं आणि बाईंचा तळवा आपल्या डाव्या कानावर घट्ट लावून घेतला. घरी मिक्सर सुरू झाला की खारू आईचा हात असाच कानावर लावून घ्यायची. बाहेरच्या माणसाचा हात तिने आजवर कधीच धरला नव्हता. उजव्या कानावर तिने स्वतःचा हात ठेवला, दुसऱ्या हाताने डबा उचलला आणि बाहेर आली. ओरडणं थांबलं होतं.

मग मायलेकींनाही मागे टाकेल अशी ती जोडी वर्गातून निघाली. खारू पुढे, बाई तिच्या कानाला चिकटून कमरेत वाकलेल्या, खांद्यावरची पर्स घसरून कोपरात आलेली. पोरांच्या गर्दीतून दोघी व्हरांड्यात आल्या. खारूने बाईंच्या डोळ्यांत बघितलं नाही, भुवयांतही नाही. व्हरांड्यातला गलबला जरा ओसरला तसा बाईंनी पाठ सरळ करायला हात काढला. खारूने तो परत कानावर ओढला.

"अजून," ती म्हणाली.

हे मास्तरांनी शिकवलेलं नव्हतं. मदत लागली तर मागावी, आणि पुरली नाही तर अजून मागावी, हे त्यांना स्वतःला कुठे येत होतं? पोरीने ते एका शब्दात शिकवून दाखवलं. अभिमानाने त्यांचा ऊर असा भरून आला की श्वास घ्यायलाही जागा उरली नाही.

बाई तशाच वाकलेल्या अवस्थेत मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "मदतनीस पूर्ण दिवसाचा लागेल. मी आजच लिहिते. हिने मला सोडलं की."

पाण्याचे कॅन घेऊन आलेला एक माणूस व्हरांड्याच्या कडेला थबकला होता. एवढ्या मोठ्या बाईंचा हात आपल्या कानाला धरून त्यांना ओढत नेणारी ती चिमुरडी बघून त्याने मास्तरांना हळूच विचारलं, ही कोणाची हो?

मास्तरांनी डोळे पुसले नाहीत. पुसायचे असतात हेही त्यांना सुचलं नाही.

"माझी," ते म्हणाले.